चोरखिशातली गाठ

१

कुंडलिक ओव्हाळच्या हृदयातला चोरखिसा सोमवारी सकाळी कायमचा बंद करायचा होता. भूल दिली, तपासणीची नळी घशातून खाली उतरवली, डॉक्टरीणबाईंनी पडद्याकडे पाहिलं आणि काम तिथंच थांबवलं. खिशात माल होता.

'चोरखिसा' हा शब्द त्र्यंबक घागांचा. डॉक्टर रुचिता गुप्ते त्या जागेचं जे लांबलचक नाव घ्यायच्या ते काही त्र्यंबकरावांच्या जिभेवर चढेना. उभा जन्म कल्याणच्या लोहमार्ग पोलिसांत गेलेला, बनियनला आतून शिवलेले खिसे त्यांनी पोत्याने पाहिलेले. हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्याला म्हणे अशीच एक पिशवी असते, तुम्हाला-मला सगळ्यांना. ठोके तालात असले तर तिचा काही उपद्रव नाही. कुंडलिकचे ठोके मात्र गेली काही वर्षं बेताल झालेले. मग रक्त त्या पिशवीत नुसतं पडून राहतं, साकळतं, त्याची गाठ होते. ती सुटून मेंदूत गेली की चालताबोलता माणूस एका अंगाने लुळा पडतो.

त्यावर उपाय म्हणून रक्त पातळ करायची गोळी होतीच. पण त्या गोळीवर असताना उन्हाळ्यात कुंडलिकच्या पोटात रक्तस्राव झाला आणि गडी मरता मरता वाचला. तेव्हा डॉक्टरांनी दुसरा मार्ग काढला. मांडीच्या शिरेतून बारीक नळी वर न्यायची, पिशवीच्या तोंडाशी छत्रीसारखं एक बूच उघडून बसवायचं, म्हणजे आत रक्त शिरायलाच नको आणि पुढे जन्मभर गोळीही नको. पोटातली जखम भरून येईपर्यंत गोळी जपून चालू ठेवायची, पाऊस ओसरला की बूच. सगळं ठरल्यासारखं चाललेलं. आता गाठ आत असताना नळी घातली तर तीच गाठ ढकलली जायची, म्हणून सगळंच रद्द.

"जूनमध्ये मी स्वतः पाहिलेली पिशवी, स्वच्छ होती," डॉक्टर बाहेर येऊन म्हणाल्या. "गोळी घेऊनही गाठ होऊ शकते, पण क्वचित. तसं झालं असेल तर मला जास्त जोराचं औषध द्यावं लागेल आणि त्यांच्या पोटाचा मागचा इतिहास तुम्हाला माहीतच आहे. गोळी पोचतच नसेल तर गोष्ट वेगळी. मला खरं काय ते कळलं पाहिजे. शुक्रवारी परत या, तोवर आहे तीच गोळी चालू ठेवा. मधेच तोंड वाकडं झालं, हातपाय जड वाटला, बोलणं अडखळलं तर एक मिनिट थांबू नका."

बाकावर तिघंजण. कुंडलिकचा मुलगा महेंद्र, सून मेघना आणि शहाडहून आलेली थोरली लेक विशाखा. चौथे त्र्यंबकराव, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. एकेकाळी शहाडच्या चाळीत दोघं मित्र भिंतीला भिंत लावून राहिलेले, त्यामुळे इथं बसायचा हक्क त्यांना कुणी द्यावा लागत नव्हता.

विशाखा वळली ती थेट भावजयीकडे. "हिला विचारा ना डॉक्टर! गोळ्यांचा सगळा कारभार हिच्याच हातात. आषाढापासून नेहमीचं दुकान सोडून हिच्या मामेभावाकडून औषधं येतात. कसली असतात देव जाणे!"

"ताई, काहीही काय बोलता?" मेघनाचा आवाज फुटला. तिनं महेंद्रकडे पाहिलं. महेंद्र बुटांच्या टोकाकडे बघत बसला. त्या गाढवाने तेव्हा तोंड उघडलं असतं तर पुढचं अर्धं रामायण टळलं असतं, असं त्र्यंबकरावांचं आजही मत आहे.

मेघनाने पर्स उचलली आणि ती जिना उतरून गेली. संध्याकाळी कळलं की ती वर्तकनगरला घरी गेलीच नाही, डोंबिवलीला आईकडे गेली. आप्पांना, म्हणजे कुंडलिकला, काय सांगायचं? तर मशीन बिघडलं म्हणून तारीख पुढं गेली आणि मेघनाच्या आईचा गुडघा दुखतोय म्हणून ती तिकडे राहिली. हृदयाच्या माणसाला घरातला तंटा कुणी सांगायचा!

"काका," महेंद्र हळूच म्हणाला, "तुम्ही लोकांच्या हरवलेल्या पेट्या शोधून द्यायचात ना. एवढं शोधून द्या. मेघनाने काही केलं नाही, मला माहितेय."

"माहितेय तर मघाशी दातखीळ बसलेली का रे?" त्र्यंबकराव खेकसले. पण थर्मासचं झाकण लावता लावता त्यांच्या डोक्यात एकच प्रश्न फिरायला लागलेला. जूनमध्ये पिशवी स्वच्छ होती. मग जूननंतर त्या घरात बदललं काय?

२

डोंबिवलीला मेघनाच्या आईने दार उघडलं आणि आतल्या खोलीकडे नुसती मान हलवली. "कालपासून पाण्याशिवाय काही नाही पोटात. तुम्ही तरी बघा."

मेघना शाळेत शिकवते. एरवी वर्गातल्या साठ पोरांना नजरेने गप्प करणारी बाई, आज भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेले.

"त्र्यंबककाका, तुम्हीपण चौकशीला आलात?"

"चौकशीला नाही गं, चहाला आलोय. साखर जास्त घालायला सांग." ते खुर्ची ओढून समोर बसले. "आता सांग. गोळी कशी द्यायचीस?"

"रोज संध्याकाळी, जेवणाच्या ताटाबरोबर. मी शाळेतून येते, स्वयंपाक करते, बाहेरच्या खोलीत माझी शिकवणी सुरू होते. त्याआधी आप्पांच्या खोलीत ताट नेऊन ठेवते. वाटीत गोळी. ती माझ्यासमोर गिळतात, घोटभर पाणी पितात, मग मी दार लोटून मुलांकडे जाते. एक दिवस चुकला नाही काका. शपथ घेऊ?"

"शपथ नको. गोळी तोंडात गेली, पोटात गेली याची खात्री?"

"मी त्यांना 'आ' करायला लावायची! चेष्टा म्हणून. तेही लहान मुलासारखं तोंड उघडून दाखवायचे." तिला हसू आलं आणि त्या पाठोपाठ रडू. "माझे वडील मी पाचवीत असताना गेले. लग्न होऊन आले तेव्हा आप्पांनी मला सून कधी म्हटलंच नाही. ताई म्हणतात मी त्यांना मारायला निघालेय. हे आप्पांच्या कानावर गेलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

त्र्यंबकरावांनी तिला रडू दिलं. रडणाऱ्या माणसाला घाई केली की तो अर्धंच सांगतो, हे त्यांना नोकरीत कळलेलं.

"आषाढापासून घरात आणखी काय बदललं? नीट आठव. क्षुल्लक वाटलं तरी सांग."

तिने डोळे पुसले. "दुकान बदललं, ते तर तुम्हाला माहितीच आहे. माझा मामेभाऊ जगनदादा घरपोच देतो म्हणून. आणि ताईंनी त्यांना कसला तरी काढा आणून दिलाय, मला सांगितलंसुद्धा नाही. बाकी काही नाही. उलट आप्पा आणखी शहाण्यासारखे वागायला लागले. दुपारी माझी शाळा असते म्हणून साडेअकरालाच जेवायला बसतात, माझ्या मागे झाकपाक नको म्हणून. रात्रीचं ताट स्वतः घासून ठेवतात. शतपावलीही चुकवत नाहीत, पिशवी घेऊन खाली जातात, वाचनालयातली मासिकं बदलायला. इतके गुणी सासरे कुणाचे असतात?"

त्र्यंबकरावांनी चहाचा कप खाली ठेवला. कुंडलिक आणि भांडी घासणार? शहाडच्या चाळीत बायको केशरबाई माहेरी गेली की हा पठ्ठ्या पाणी प्यायलेला पेलासुद्धा उष्टाच ठेवायचा.

पण आधी जगनचा निकाल लावणं भाग होतं. त्याचं औषधांचं दुकान जवळच होतं. पोरगा बिचारा काउंटरमागून हात जोडूनच बाहेर आला. त्याने गोळ्यांचं पाकीट काढलं, त्यावरचा चौकोनी शिक्का त्र्यंबकरावांना त्यांच्याच मोबाइलवर स्कॅन करायला लावला. कंपनीचं नाव, घाऊक विक्रेत्याची पावती, सगळं जिथल्या तिथं. त्र्यंबकरावांनी महेंद्रला फोन लावून घरातल्या पाकिटावरचा शिक्काही तसाच तपासून घेतला. गोळी अस्सल होती.

गोळी अस्सल आणि ती गिळलेलीही होती. मग राहिला तो काढा, आणि तो देणारी दुसरी कुणी नाही, आरोप करणारी स्वतःच.

३

आप्पांकडे राहायला गेलेली विशाखा कपडे न्यायला शहाडला आलेली. त्र्यंबकराव दारात दिसताच तिने जय भीम केला आणि लगेच पदर खोचला. "काका, तुम्ही तिची बाजू घ्यायला आला असाल तर—"

"जय भीम. मी माझ्या मित्राची बाजू घ्यायला आलोय. काढा कसला दिलास त्याला?"

तिचा चेहरा खर्रकन उतरला. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कसला होता?"

"अर्जुनाची साल आणि आणखी काही मुळ्या. नदीपलीकडचे एक वैदू देतात, हृदयाला चांगला म्हणून. बूच-बीच बसवायचं ऐकून मी घाबरूनच गेलेले हो. म्हटलं, काढ्याने गुण आला तर चिरफाड टळेल. मी आप्पांना म्हटलं, कुणाला सांगू नका. दर महिन्याला बाटली आणायची मी." ती बोलता बोलता थांबली, आणि तिच्या लक्षात आलं की ती काय बोलतेय. "काका... त्या काढ्याने गोळी बाद झाली का? माझ्यामुळे झालं का हे?"

तिला धरून बसवावं लागलं. मघाशी तलवार उपसून उभी असलेली बाई आता लहान पोरीसारखी हमसायला लागली. त्र्यंबकरावांना तिचा रागही यायचा थांबला. बापावर माया करायची प्रत्येकाची आपली तऱ्हा.

"आई गेल्यापासून मला भीतीच वाटते हो," ती हुंदके देत म्हणाली. "गेल्या वर्षी ह्याच दिवसांत गेली ती. आषाढी पुनवेपासूनचा वर्षावास चाललेला. पांढरी साडी, रोज विहार, आठ शीलं, तीन महिने कसं सगळं मनापासून करायची. आणि मधेच दवाखान्यात न्यावी लागली. शेवटी शेवटी माझ्याशी बोलली ते हेच, माझा वर्षावास अर्धा राहिला म्हणून. आता आप्पाही गेले तर मी जाऊ कुणाकडे?"

"कुठं जात नाही तो. वेळच्या वेळी मरणारा माणूसच नव्हे तो, कामावरही नेहमी उशिरा जायचा." त्र्यंबकरावांनी तिच्या डोक्यावर थोपटलं. "काढ्याची बाटली कुठे ठेवतो?"

"त्यांच्या खोलीतल्या गॅलरीत. संपतेसुद्धा वेळेवर."

४

वर्तकनगरच्या त्या गॅलरीत चार कुंड्या होत्या. कढीपत्ता, गवती चहा, जास्वंद, कोरफड. तीन कुंड्यांतली माती काळी होती, कढीपत्त्याची मात्र तपकिरी, वर सालींचा चोथा वाळून बसलेला. त्र्यंबकरावांनी चिमूटभर उचलून नाकाशी धरला आणि त्यांना ठसकाच लागला.

"विशाखाला सांगू नकोस हं," मागून कुंडलिक म्हणाला. तो दारात उभा, पांढरा सदरा, पांढरा लेंगा, चेहऱ्यावर चोरी पकडल्याचं हसू. "कडू जहर लागतं रे. पोरगी एवढ्या लांबून आणते, नको कसं म्हणू? झाड मात्र झकास वाढलंय बघ."

त्र्यंबकराव हसले, पण त्यांच्या मनात खूणगाठ बसली. हा माणूस कुणाला नाही म्हणत नाही. दिलेलं घेतो आणि गुपचूप दुसरीकडे पोचवतो.

ते आपल्या मित्राकडे नीट बघायला लागले, जसं चार महिन्यांत बघितलं नव्हतं. लेंग्याची नाडी एवढी आवळलेली की कमरेला चुण्यांचा जुडगा झालेला. गालाची हाडं वर आलेली. आजारपणामुळे असेल, असं सगळेच धरून चाललेले. आणि उपवनच्या तळ्याकाठी दोघं फिरायला जायचे तेव्हा गरम भज्यांच्या गाडीवर याच कुंडलिकला ओढून काढावं लागायचं. पावसाळा सुरू झाल्यापासून तो 'नको रे आज' म्हणतो आणि लिंबूपाण्यावर भागवतो.

"कुंडलिक, काल रात्री काय जेवलास?"

"मेघना नसली तरी विशाखाही आईसारखीच करते रे भाजी. वास आला तरी माणूस तृप्त होतो."

"मी जेवलास काय ते विचारलं."

"तू काय पोलीस ठाण्यात बसलायस का?" कुंडलिक हसला आणि त्याने विषय बदलला. "मेघना कधी येणार रे? तिच्या आईचा गुडघा फारच लांबला."

संध्याकाळी विशाखाने ताट आणलं. शेवग्याच्या शेंगा, भाकरी, ताक, वाटीत गोळी. कुंडलिकने सगळ्यांसमोर गोळी गिळली, पाणी प्याला, सवयीने तोंडही उघडून दाखवलं. मग म्हणाला, "जा तुम्ही, मी निवांत बसतो. गर्दीत घास उतरत नाही मला." विशाखा गेली. त्र्यंबकरावांनीही चपला घातल्या.

पण ते घरी गेले नाहीत. खाली फाटकाशी वॉचमन भिवाची टपरीएवढी खोली आहे, तिथल्या स्टुलावर जाऊन बसले. भिवा जव्हारकडचा, मितभाषी, बायकापोरं गावाला. साहेब आपल्या स्टुलावर बसलेले बघून तो अवघडून उभा राहिला.

"बस रे भिवा. आज जेवायला काय तुझ्याकडे?"

भिवाने रस्त्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं. तेवढ्यात जिन्यावरून सावकाश पावलं वाजली. हातात कापडी पिशवी घेऊन कुंडलिक खाली येत होता. त्र्यंबकराव दाराआड सरकले.

"घे भिवा, गरम आहे," कुंडलिकचा आवाज आला. "डबा उद्या दे."

तो शतपावलीला निघून गेला. त्र्यंबकराव बाहेर आले आणि त्यांनी डब्याचं झाकण उघडलं. शेवग्याच्या शेंगा, भाकरी, ताक. जेवण जसंच्या तसं, एक घाससुद्धा मोडलेला नाही.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"आषाढी पुनवेपासून, साहेब," भिवा खाली मान घालून म्हणाला. "घरी बोलू नको म्हणाले, सुनेला वाईट वाटेल. मी इचारलं, तुम्ही? तर म्हणले, माझं दुपारीच झालंय."

त्र्यंबकराव तिथंच स्टुलावर बसले. आषाढी पौर्णिमा, पांढरे कपडे, आणि विशाखाच्या तोंडचा 'वर्षावास' हा शब्द. त्यांनी खिशातून मोबाइल काढला आणि वर बसलेल्या विशाखालाच फोन लावला. "पोरी, आजपर्यंत कधी विचारलं नाही याची लाज वाटते. तुझी आई जी आठ शीलं पाळायची ना, त्यांत खाण्यापिण्याचं काय असतं?"

५

शुक्रवारी डॉक्टर गुप्तेंच्या केबिनमध्ये त्र्यंबकराव एकटेच आधी शिरले.

"एकच प्रश्न, मॅडम. ही गोळी माणसाने रोज न चुकता घेतली, पण उपाशीपोटी घेतली, तर?"

डॉक्टरांचं पेन थांबलं. "उपाशीपोटी म्हणजे?"

"दुपारी बाराच्या आत शेवटचा घास. गोळी संध्याकाळी, नुसत्या पाण्याबरोबर."

"किती दिवस?"

"आषाढापासून."

त्या खुर्चीत मागे टेकल्या. "ही गोळी ह्या मात्रेत अन्नाबरोबरच घ्यावी लागते. रिकाम्या पोटी तिचा बराच भाग अंगात उतरतच नाही. मी 'रात्री जेवताना' असं सांगितलेलं. का ते सांगितलं नाही. सांगायला हवं होतं." त्यांनी पेन खाली ठेवलं. "हेच एकमेव कारण असं छातीठोकपणे म्हणणार नाही मी. पण पहिला संशय ह्याच्यावर."

मग सगळ्यांना आत बोलावलं. महेंद्र, विशाखा, आणि कुंडलिकला समोरच्या खुर्चीत बसवलं. त्र्यंबकरावांनी घसा साफ केला. खरं तर ह्या क्षणाची त्यांना फार हौस, नोकरीतही असायची. आज मात्र नको वाटत होतं.

"गोळी खोटी नव्हती, मी तपासली. गोळी चुकली नव्हती, मेघना समोर उभी राहायची, परवा मीही बघितलं. काढा पोटात गेला नाही, तो कढीपत्त्याने प्यायला. विशाखा, रडू नकोस, झाड मजेत आहे. मग जूननंतर बदललं काय? साडेअकराचं जेवण. स्वतः घासलेलं ताट. भज्यांना नकार. सैल झालेला लेंगा. आपण सगळे गोळीवर डोळे लावून बसलेलो, ताटाकडे कुणी बघितलंच नाही. कुंडलिक, तू अष्टशील पाळतोयस. दुपारी बारानंतर तुझ्या पोटात अन्नाचा कण जात नाही. आणि ही गोळी अन्नाशिवाय लागू पडत नाही, हे तुला ठाऊक नव्हतं, तसं आम्हालाही नव्हतं."

कुंडलिक लेकीकडे बघून म्हणाला, "तुझ्या आईचं राहिलेलं पुरं करत होतो गं."

त्याने आपला उजवा हात उलटा करून पाहिला.

"दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, संध्याकाळी थोडी पेज पोटात गेलीच पाहिजे. केशर नको नको म्हणत होती. मी धरून भरवली तिला. माझ्या ह्या हाताने मी तिचा वर्षावास मोडला. चार दिवसांनी ती गेली. मग वाचवलं काय मी? एवढंच तिचं हवं होतं, तेवढंही तिला मिळू दिलं नाही. म्हटलं, एक वर्षावास तिच्या वाटचा आपण पाळू. घरी सांगितलं असतं तर मेघनाने पाळू दिला नसता, मला हृदयाचा आजार म्हणून. तिच्याशी खोटं बोलायचं नव्हतं, म्हणून बोलायचंच टाळलं."

"आप्पा!" विशाखाने त्याचे गुडघे धरले.

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "ओव्हाळ आजोबा, तुमचं शील मोडायची गरज नाही. गोळी दुपारच्या जेवणात घ्या, पोटभर जेवा. काही आठवडे अशी गेली की परत तपासू. गाठ विरघळली की बूच. जोराच्या औषधाची आत्ता गरज नाही. मात्र अंगावर थोडं मांस येऊ द्या."

महेंद्रने सुटकेचा श्वास सोडला. सगळं मार्गी लागलं असं वाटलं. तेवढ्यात कुंडलिकने मान वर केली. "त्र्यंबक, एवढा तपास तू कशासाठी केलास? मशीन बिघडलेलं ना?"

महेंद्र पुन्हा बुटांच्या टोकाकडे बघायला लागला.

"आणि मेघना कुठाय? आजही आली नाही ती."

विशाखानेच सांगितलं. हुंदके देत, काही न लपवता सांगितलं, मी काय बोलले आणि ती कशी निघून गेली. त्र्यंबकरावांना त्या पोरीचं ह्याबद्दल कौतुक वाटलं.

कुंडलिक उठून उभा राहिला. आयुष्यात इतक्या वर्षांत त्र्यंबकरावांनी त्याला चिडलेला पाहिला नव्हता, आत्ताही तो चिडलेला नव्हता. त्याचा चेहरा मात्र एकदम म्हातारा झालेला.

"रिक्षा बोलाव," तो महेंद्रला म्हणाला. "डोंबिवलीला जायचंय."

६

पुढचं सगळं झालं. काही आठवड्यांनी गाठ विरघळली, दिवाळीनंतर एका सकाळी बूच बसलं, डॉक्टर बाहेर येऊन हसल्या. पण त्र्यंबकरावांना विचाराल तर प्रकरण त्या शुक्रवारी संध्याकाळीच मिटलं, डोंबिवलीला, मेघनाच्या आईच्या स्वयंपाकघरात.

रस्ता तुंबलेला, पोचेपर्यंत दिवेलागण झाली. मेघनाने दार उघडलं आणि सासऱ्याला बघून तिला काय करावं कळेना. मागे महेंद्र, त्याच्यामागे विशाखा पदराचं टोक पिळत उभी, सगळ्यांत मागे त्र्यंबकराव.

"आप्पा! एवढ्या लांब कशाला आलात? कुणी येऊ दिलं तुम्हाला? बसा, बसा आधी. पाणी आणते."

कुंडलिकने तिचा हात धरला. "बाळ, माझ्या गप्प राहण्याचा भार तू उचललास. चूक माझी होती, बोल तुला लागला. मला माफ कर."

"असं नका हो बोलू." ती हात सोडवायला लागली आणि मग सोडवेनाशी झाली, तो हात कपाळाला लावून रडायला लागली. विशाखा पुढं झाली. तिने भावजयीला नुसतं मिठीत घेतलं आणि दोघी दारातच रडत उभ्या राहिल्या. महेंद्र म्हणाला, "मी त्या दिवशी बोलायला हवं होतं, मेघना." "हवं होतं," ती म्हणाली. तो मान खाली घालून उभा राहिला, आणि त्र्यंबकरावांना ते योग्यच वाटलं.

मग त्र्यंबकरावांनी तिला सगळं सांगितलं. आषाढी पौर्णिमा, भिवाचा डबा, केशरबाईंची पेज. ऐकता ऐकता तिने तोंडावर हात घेतला. "आप्पा, मला सांगितलं असतंत तर मी दुपारचं नीट करून वाढलं असतं हो. तुमच्याबरोबर मीही पाळलं असतं."

"ते खरंच," कुंडलिक म्हणाला. त्याने चपला काढल्या, मोरीत हातपाय धुतले, आणि स्वयंपाकघरात जाऊन भिंतीशी मांडी घालून बसला. "वाढ."

ती बघतच राहिली. "आप्पा, रात्र पडायला आली. तुमचं शील? वर्षावास संपायची पौर्णिमा आता फार लांब नाही. डॉक्टर तर म्हणाल्या ना, दुपारी घेतली गोळी तरी चालते?"

"चालते. मोडायला मला कुणी सांगितलेलं नाही." त्याने पाण्याचा तांब्या जवळ ओढला. "केशरचं राहिलेलं पुरं करायला बसलो आणि घरातली लेक उपाशी उठून दुसऱ्या दारी गेली. हे तिला कळलं असतं तर तिने मला घरात घेतलं नसतं. तिचं मी तिच्याशी बघून घेईन. तू वाढ. आणि एकटं नाही खाणार मी."

मेघनाच्या आईने तव्यावर भाकरी टाकली. वांग्याचं भरीत होतं, कांदा होता. मेघनाने ताट वाढलं आणि ती समोर बसली, कालपरवासारखी भिंतीला टेकून नव्हे, ताटाशी. सगळ्यांची नजर कुंडलिकच्या हाताकडे. त्याने भाकरीचा तुकडा मोडला, भरीत लावलं, डोळे मिटले, काहीतरी पुटपुटला आणि घास तोंडात घातला. चावायला त्याला फार वेळ लागला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो चावत होता.

भाकरी संपली. मेघनाने टोपलीत हात घातला. "अजून एक देऊ, आप्पा?"

"अर्धी दे."

तिने भाकरी मोडली. अर्धी त्याच्या ताटात ठेवली, उरलेली अर्धी आपल्या ताटात घेतली आणि जेवायला लागली.